फेरफार केलेल्या मोटारीचे दप्तर

चाकण, रांजणगाव आणि छत्रपती संभाजीनगरजवळचे शेंद्रा या महाराष्ट्राच्या तीन औद्योगिक वसाहतींतून गेल्या दोन-अडीच दशकांत ज्या असंख्य मोटारी बाहेर पडल्या, त्यांतील बहुसंख्य मोटारी कुटुंबांची शाळा, बाजार आणि लग्नकार्ये पार पाडून यथाकाल जीर्ण झाल्या. परंतु त्यांच्यातच काही थोड्या अशा होत्या, की ज्या त्यांच्या निर्मात्यांनी वेगाची आवड असणाऱ्या माणसासाठी बुद्धिपुरस्सर घडवल्या होत्या. २००४ च्या सुमारास शेंद्र्याहून आलेली दीडशे अश्वशक्तीची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, २०१३ पासून काही वर्षे चाकणला बनलेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, आणि २०१५ साली रांजणगावातून निघालेली एकशे पंचेचाळीस अश्वशक्तीची फियाट अबार्थ पुंटो, या तीन मोटारींना दोन आसनांच्या युरोपीय स्पोर्ट्‌स कारच्या पंक्तीत कोणी बसवणार नाही, हे खरे. तथापि पुणे, नाशिक, कोल्हापूर, ठाणे येथील मध्यमवर्गीय तरुणाला ज्या जातीच्या मोटारीचे स्वप्न पडते, ती जात हीच होय. आज या तिन्ही मोटारी नव्या मिळत नाहीत. ज्याला हवी असेल त्याने ती दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या हाताची घ्यावी, आणि तीही बहुधा मूळ स्वरूपात नव्हे, तर कोणाच्या तरी हौसेने पुष्कळ फेरफार झालेली, अशी परिस्थिती आहे.

अशी मोटार विकणारा मनुष्य सामान्यतः दोन गोष्टी आवर्जून सांगतो. एक, त्याने तिच्यावर किती पैसा ओतला. आणि दुसरी, तिची शक्ती आता किती झाली. खरेदीदारही बहुधा याच दोन आकड्यांनी भारावून जातो. माझे स्पष्ट मत असे आहे, की या दोन्ही आकड्यांचा मोटारीच्या किमतीशी जवळजवळ काहीही संबंध नाही, आणि ज्याला फसवणूक टाळायची आहे त्याने सर्वप्रथम एकच प्रश्न विचारावा: काढून टाकलेले मूळ सुटे भाग कोठे आहेत? ज्या मालकाने कंपनीचा सायलेन्सर, स्प्रिंगा, शॉक अ‍ॅब्सॉर्बर, एअर फिल्टरचा डबा, चाके ही सर्व सामग्री कागदात गुंडाळून माळ्यावर जपून ठेवली आहे आणि प्रत्येक नव्या भागाचे बिल ज्याच्या फाइलीत लावलेले आहे, त्याने तो फेरफार विचारपूर्वक आणि परत फिरण्याची वाट मोकळी ठेवून केला, असे मानण्यास आधार मिळतो. ज्याने ते सारे भाग कुर्ल्याच्या किंवा पुण्याच्या नाना पेठेच्या बाजारात त्याच आठवड्यात विकून टाकले, त्याच्या मोटारीला मूळ रूप देणे हे नव्या मालकाच्या खर्चाचे आणि पुष्कळदा अशक्यतेचे काम होऊन बसते. फियाटसारख्या कंपनीने येथील आपल्या मोटारींची विक्री थांबवल्याला वर्षे लोटली असताना अबार्थचा एखादा विशिष्ट भाग शोधणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक. म्हणून शक्तीने थोडी उणी, पण मूळ भागांसह आणि बिलांसह मिळणारी मोटार ही अधिक शक्तीच्या निःसाक्षी मोटारीपेक्षा जास्त किमतीची समजावी. आणि फेरफारावर झालेला खर्च हा विक्रेत्याच्या आनंदाचा खर्च होता, तो त्याने भोगून घेतला आहे, असे नम्रपणे पण निःसंदिग्धपणे सांगून त्या खर्चाचा बोजा किमतीत चढू देऊ नये.

यानंतर कायद्याकडे वळणे प्राप्त आहे, कारण आपल्याकडे या विषयात जे अज्ञान आहे ते थक्क करणारे आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात निर्दिष्ट केलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा कोणताही बदल मालकास करता येत नाही. इंधन बदलण्यासाठी मान्यताप्राप्त संच बसवणे यासारखे मोजके अपवाद त्या कलमातच दिलेले आहेत. जानेवारी २०१९ मध्ये केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच कलम कठोर अर्थाने लावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ नव्या रूपात आले, त्यातील चौथ्या पोटकलमान्वये अननुज्ञात फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दर फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितलेली आहे. दर फेरफारामागे, हे शब्द वाचकाने लक्षात ठेवावेत. सायलेन्सर एक, इंजिन दोन, अशी मोजणी रस्त्यावर सुरू झाली म्हणजे ‘हे सगळे आधीच्या मालकाने केले आहे’ हा जबाब किती उपयोगी पडेल, याचा विचार पैसे देण्यापूर्वी झालेला बरा.

जमीन घेताना सातबारा, त्यावरील फेरफार आणि इतर हक्कांतील बोजा पाहिल्यावाचून इसाराची दमडीही न देणारा आपला शेतकरी जी सावधगिरी बाळगतो, तीच येथेही हवी. नोंदणी प्रमाणपत्रावरील चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक प्रत्यक्ष धातूवर कोरलेल्या क्रमांकांशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहावेत. इंजिनच बदललेले असेल आणि परिवहन कार्यालयाच्या दप्तरी त्याची नोंद नसेल, तर किंमत कितीही मोहक असली तरी तेथून उठावे. रंग बदललेला असल्यास तो प्रमाणपत्रावर चढला आहे काय, बँकेचे तारण फिटले आहे काय, फिटले असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ हाती आहे काय, ई-चलनाची थकबाकी किती आहे, हे सारे पाहणे ओघानेच आले. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पहिल्या ऑक्टाव्हिया आरएसची ती मुदत केव्हाच संपली असल्याने तिचे नूतनीकरण झाले आहे की नाही, आणि झाले असल्यास केव्हापर्यंत, हा प्रश्न त्या मोटारीपुरता पहिल्या प्रतीचा ठरतो. परप्रांतात नोंदलेली मोटार स्वस्त वाटते खरी, परंतु बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ येथे ठेवायची तर मूळ कार्यालयाचा नमुना २८ चा ना-हरकत दाखला, महाराष्ट्राचा कर आणि नवी नोंदणी हे सर्व सोपस्कार खरेदीदाराच्याच माथी येतात. आणि कोणी जपानहून आलेली वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची एखादी प्रख्यात मोटार दाखवीत असेल, तर ती आली कशी, हे सीमाशुल्काच्या कागदांवरून सिद्ध झाल्यावाचून तिच्या बॉनेटला हातसुद्धा लावू नये; तीन वर्षांहून जुनी वापरलेली मोटार सामान्य वाटेने या देशात आयात होऊ शकत नाही.

विम्याच्या बाबतीत एक सूक्ष्म भेद आहे, तो पुष्कळ सुशिक्षित माणसांनाही माहीत नसतो. मोटार हस्तांतरित झाली की तिऱ्हाइताच्या नुकसानीबाबतचे विमासंरक्षण कायद्याने नव्या मालकाकडे जाते. परंतु मोटारीच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण तसे आपोआप जात नाही, त्यासाठी विमा कंपनीकडे चौदा दिवसांच्या आत अर्ज करून पॉलिसी आपल्या नावे करून घ्यावी लागते, आणि नो-क्लेम बोनस तर जुन्या मालकाचाच राहतो. त्यात विमा हा परम विश्वासाचा करार असल्याने, झालेले फेरफार कंपनीस कळवलेले नसतील तर अपघातानंतर दावा नाकारण्यास तिला सबळ कारण मिळते. विक्रेत्याने फेरफार कळवले होते काय, आणि कंपनीने तसे पृष्ठांकन पॉलिसीवर केले आहे काय, हे पाहिल्याखेरीज लाखो रुपयांची मोटार घरी आणणे म्हणजे पहिल्याच अपघाताच्या दिवशी ती रक्कम गमावण्याची तयारी ठेवणे होय.

आता प्रत्यक्ष यंत्राकडे येऊ. मोटार पाहायला जाण्याची वेळ ठरवताना विक्रेत्यास निक्षून सांगावे, की मी येण्यापूर्वी इंजिन सुरू करू नये; आणि गेल्यावर प्रथम बॉनेटवर हात ठेवावा. ते कोमट लागले, तर त्या दिवशी व्यवहाराची बोलणी करू नयेत. थंड इंजिनाचा पहिला आवाज आणि पहिला धूर यांत त्याच्या प्रकृतीची जी बातमी असते, ती ते तापल्यावर लपून जाते. निळसर धूर तेल जळत असल्याचे सांगतो. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही हटत नसेल आणि शीतकाची पातळी उतरत असेल, तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. त्यानंतर प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. कोणत्याही बऱ्या गॅरेजात तासा-दीड तासात होणारी ही मोजणी आहे, आणि सिलिंडरा-सिलिंडरांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त तफावत आढळली तर ती इंजिन उघडण्याची पूर्वसूचना समजावी. ही तपासणी करू देण्यास जो विक्रेता हरकत घेतो, त्याच्या हरकतीतच तपासणीचा निष्कर्ष आला.

टर्बो असलेल्या मोटारींत फेरफाराची सुरुवात बहुधा संगणकापासून होते. इंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या ईसीयूमधील मूळ आज्ञावली काढून तिच्या जागी अधिक बूस्ट, म्हणजे टर्बोचा अधिक दाब, मागणारी दुसरी आज्ञावली भरली, की कोणताही भाग न बदलता शक्ती वाढते. यालाच या छंदातील मंडळी ‘रीमॅप’ किंवा ‘स्टेज वन’ म्हणतात, आणि त्यापुढे जाऊन डाउनपाइप, इंटरकूलर वगैरे बदलले म्हणजे ‘स्टेज टू’. येथे खरेदीदाराने विचारावयाचे ते हे, की ही आज्ञावली कोणी लिहिली, ती किती ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी लिहिली, आणि मूळ आज्ञावली परत भरता येते काय. आपल्याकडील साधे पेट्रोल अनेक वर्षे ९१ ऑक्टेनचे होते. ९५ चे निवडक पंपांवर मिळे, आणि १०० चे २०२० च्या अखेरीपासून काही मोठ्या शहरांतच मिळू लागले. पुण्यात बसून उच्च ऑक्टेनसाठी लिहून घेतलेली आज्ञावली घेऊन मोटार तिसऱ्या मालकाकडे एखाद्या तालुक्याच्या गावी गेली, आणि तेथे तिच्या टाकीत साधे पेट्रोल पडू लागले, म्हणजे जोराच्या चढावर सिलिंडरमध्ये अवेळी स्फोट होऊ लागतात. संगणक ठिणगीची वेळ मागे सारून त्यांना आवर घालण्याचा प्रयत्न करतो, पण त्याच्या आवाक्यालाही मर्यादा आहे, आणि ती ओलांडली की पिस्टनच्या कडा तुटतात. हा बिघाड चालकाच्या कानांना ऐकू येईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

विक्रेता शक्ती मोजणाऱ्या डायनो यंत्राचा कागद दाखवील. त्यावरील सर्वोच्च आकड्याकडे न पाहता इंधन-हवेच्या प्रमाणाची रेषा त्यावर आहे काय ते पाहावे, आणि फेरफारापूर्वीची मोजणी त्याच यंत्रावर झाली होती काय ते विचारावे. एरवी तो कागद भिंतीवर लावण्यापुरता. मोटारीच्या संगणकातील दोष वाचणारा ओबीडीचा लहानसा यंत्रभाग स्वतः घेऊन जावा. त्यात दोषांचे कोड नसणे पुरेसे नाही. संगणकाच्या अंतर्गत चाचण्या पूर्ण झालेल्या आहेत की नुकत्याच पुसल्या गेल्या आहेत, हेही ते यंत्र दाखवते, आणि सर्व चाचण्या अपूर्ण दिसल्या तर आदल्या दिवशी कोणीतरी कोड पुसले अथवा बॅटरी सोडवली, असे अनुमान काढण्यास हरकत नाही. टर्बोची आत येणारी नळी सोडवून त्याचे चाक बोटाने फिरवून पाहावे: बाजूला किंचित हलणे क्षम्य आहे, आत-बाहेर हलणे मुळीच नाही. नळ्यांत तेलाचा पातळ थर असतोच. तेल साचलेले दिसले तर टर्बोचे आयुष्य सरत आले. डाउनपाइप बदलताना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकला असेल, तर ती मोटार पीयूसीच्या केंद्रावर काय सांगून उत्तीर्ण होते, हा प्रश्न मला केवळ कायद्याचा वाटत नाही. तिच्यामागे स्कूटरवर मुलाला शाळेत नेणाऱ्या आईच्या फुप्फुसांचाही तो प्रश्न आहे, आणि अशी मोटार विकत घेऊन तशीच चालवणे मला असमर्थनीय वाटते.

इंजिनाची वाढलेली शक्ती जेथून चाकांकडे जाते, त्या गिअरबॉक्सचा विचार फेरफार करणारे क्वचितच करतात. १.२ लिटरच्या पोलो जीटी टीएसआयचे उदाहरण घ्या. तिचा सात गतींचा, कोरड्या क्लचांचा डीएसजी गिअरबॉक्स २५० न्यूटन-मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी रचलेला. इंजिनाचा मूळ टॉर्क १७५. हा गिअरबॉक्स मूळ अवस्थेतही पुरता निर्धोक नव्हता. चीनमध्ये २०१३ साली त्याच्यासह अन्य डीएसजी बसवलेल्या तीन लाख चौऱ्याऐंशी हजार मोटारी कंपनीला परत बोलावाव्या लागल्या होत्या. रीमॅपने इंजिनाचा टॉर्क आणि गिअरबॉक्सची मर्यादा यांच्यातील अंतर घटवले, आणि वर मुंबई-पुण्याच्या रहदारीत इंचाइंचाने सरकत ते कोरडे क्लच तापत राहिले, म्हणजे काय होणार हे सांगायला नको. म्हणून ही मोटार मोकळ्या रस्त्यावर पळवून पाहण्यात अर्थ नाही. चढावर थांबवून हळूच पुढे काढावी, रिव्हर्समध्ये बोटभर सरकवावी, पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या सांध्यावर थरथर जाणवते काय ते पाहावे. हाताने गिअर बदलायच्या ऑक्टाव्हियात वा अबार्थमध्ये वरच्या गिअरात कमी फेऱ्यांवर पेडल पूर्ण दाबावे. काटा चढतो आणि वेग चढत नाही, तर क्लच संपला. त्या दोहोंचा टायमिंग बेल्ट केव्हा बदलला याचे बिल मागावे, आणि ते नसेल तर बेल्ट व पाण्याचा पंप यांचा खर्च किमतीतून वजा करावा.

खाली बसवलेली मोटार छायाचित्रात सुंदर दिसते. पण आपल्या रस्त्यांवरचे गतिरोधक कोणत्याही मोजमापाने बांधलेले नसतात, आणि खाली आणलेल्या मोटारीने ते शेकडो वेळा ओलांडलेले असतात. जॅकवर घेऊन तिचा पोटाकडचा भाग टॉर्चने नीट पाहावा. स्प्रिंगा कापून उंची घटवलेली असेल, तर तो व्यवहार माझ्या मते तेथेच संपला, कारण कापलेली स्प्रिंग चाक लोंबकळताच आपल्या बैठकीतून निसटू शकते आणि हे काम करणाऱ्याने बाकीच्या कामातही हाच विवेक वापरला असणार. चांगल्या प्रतीचे कॉइलओव्हर बसवलेले असतील तर बिल, बसवल्याची तारीख आणि नंतरची अलाइनमेंटची पावती पाहावी. टायर आतल्या कडेने झिजले आहेत काय, त्यांवरील चार आकडी आठवडा-वर्षाचा क्रमांक काय सांगतो, स्ट्रटच्या घुमटाभोवती रंगाला बारीक तडे गेले आहेत काय, मोठ्या चाकांना वाट देण्यासाठी चिखलपट्टीची कड वाकवताना पत्रा उघडा पडून गंज लागला आहे काय, हे एकेक करून तपासावे. नकली मिश्रधातूची चाके खड्ड्यात सरळ तडकतात. चाकाच्या आतल्या बाजूस निर्मात्याचे नाव व भारक्षमता कोरलेली नसेल, तर ती चाके शून्य किमतीची धरावीत. शक्ती वाढवून ब्रेक मात्र मूळचेच ठेवलेली मोटार विशेष संशयाने पाहावी, कारण मालकाने पैसा कोठे घालायचा आणि कोठे नाही हे कशावरून ठरवले, ते तेथे उघड होते.

विजेच्या तारांविषयी मला फार कळकळीने लिहावेसे वाटते. अ‍ॅम्प्लिफायर, जादा दिवे, बूस्टचा काटा यांसाठी ठिकठिकाणी सोललेल्या, चिकटपट्टीने गुंडाळलेल्या आणि फ्यूजवाचून थेट बॅटरीवरून ओढलेल्या तारा हे चालत्या मोटारीला आग लागण्याचे एक प्रमुख कारण आहे. डॅशबोर्डखाली डोके घालून पाहण्यास संकोच करू नये. तसाच पुराचा विषय. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी मुंबईत बुडालेल्या मोटारी पुढे कोठकोठे विकल्या गेल्या याचा हिशेब कोणी ठेवला नाही, आणि त्यानंतरही कोल्हापूर-सांगलीपर्यंत पूर येतच राहिले आहेत. आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून काढला, की एरवी आत गुंडाळलेल्या त्याच्या टोकाला गाळाचा पिवळट डाग दिसतो. आसनाखालच्या रुळांवरचा गंजही तेच सांगतो. गालिचे नवे घालता येतात, या दोन जागा बहुधा कोणी धूत नाही.

सर्व पसंत पडल्यावर खरेदीच्या कागदात फेरफारांची यादी स्वतंत्र परिशिष्ट म्हणून जोडावी: कोणता भाग, कोणी बसवला, केव्हा बसवला, मूळ भाग सुपूर्द केला की नाही, आणि त्यावर विक्रेत्याची सही घ्यावी. हस्तांतरणाच्या नमुना २९ व ३० वर सह्या झाल्या म्हणून कोणी निश्चिंत होऊ नये. नोंदणीकृत मालक तोच जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले आहे. तेव्हा व्यवहार त्याच राज्यातला असल्यास विक्रेत्याने चौदा दिवसांत आणि खरेदीदाराने तीस दिवसांत हस्तांतरणाची खबर कार्यालयास देणे हे दोघांच्याही हिताचे आहे.

इतके सारे खासगी माणसाने करावे लागते, याचे मूळ मात्र शासनाच्या धोरणात आहे, असे माझे मत आहे. कायद्याने चांगला व वाईट फेरफार यांत भेद ठेवला नाही, सबब चांगला कारागीरही बिल देत नाही, आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर उत्तम काम करणाऱ्या हाताला व स्प्रिंग कापणाऱ्या हाताला खरेदीदार सारख्याच अंधारात पाहतो. जर्मनीत टीयूव्हीसारख्या संस्थेचा अभियंता बदललेला भाग त्याच्या प्रमाणपत्रासह तपासतो आणि गरज असेल तेथे मोटारीच्या कागदांत त्याची नोंद होते. आपल्याकडेही सीएनजीच्या संचाबाबत हीच रीत आज चालू आहे: संच चाचणी संस्थेकडून मान्य झालेला, बसवणारे केंद्र अधिकृत, आणि नोंद प्रमाणपत्रावर. पुण्यात वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली एआरएआयसारखी चाचणी संस्था उभी असताना शॉक अ‍ॅब्सॉर्बर, चाके, ब्रेक आणि आवाजाच्या व उत्सर्जनाच्या मर्यादेत राहणारे सायलेन्सर यांच्यासाठी तीच वाट उघडण्यास अडचण कोणती? केंद्रीय परिवहन मंत्रालयाने अशा मान्य भागांची सूची करावी, आणि पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणाच्या वेळी मोटार परिवहन कार्यालयात तपासणीसाठी न्यावीच लागते, त्याच वेळी जुन्या मोटारींवरील फेरफारही तपासून, मान्य असतील ते नोंदवून आणि नसतील ते काढावयास लावून, प्रमाणपत्रावर चढवावेत.